एका लक्षणयादीची तपासणी

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मी माहेरी, जालन्याला गेले होते. भोकरदन तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक ओळखीचे आहेत, ते भेटायला आले. हातात एक कागद होता. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, त्यामुळे काही अक्षरांचे पाय आणि काहींची डोकी उडालेली. वर ठळक मथळा होता : 'आपले मूल स्वमग्न आहे काय?' त्याखाली दहा वाक्ये, प्रत्येक वाक्यापुढे एक चौकोन, आणि तळाशी निकाल : 'पाच किंवा अधिक चौकोनांत खूण आल्यास मूल स्वमग्न समजावे.' कागद कोणी तयार केला, कोणत्या वर्षी केला, कशाच्या आधारे केला, यातले काहीही त्यावर नव्हते.

गुरुजींच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरते. तिथल्या चार वर्षांच्या एका मुलासाठी ताईंनी हा कागद भरला होता. सात चौकोनांत खुणा होत्या. "मॅडम, आता त्याच्या आईला काय सांगायचं?" गुरुजींनी विचारले.

मी वैद्यकीय डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट पेशींच्या अभ्यासातली आहे. (हा फरक गावाकडे समजावून सांगताना दरवेळी माझी फजिती होते. मग लोक विचारतात, "म्हणजे औषध देत नाही?") तेव्हा त्या मुलाबद्दल निदान सांगण्याचा मला अधिकार नव्हता आणि आजही नाही. पण लक्षणांची यादी हे एक मोजमापाचे साधन असते. तराजू असो, तापमापी असो किंवा प्रश्नावली असो, साधन काय मोजते आणि कुठे चुकते हे तपासणे कोणत्याही वैज्ञानिकाचे काम आहे. हे कागद आता शाळाशाळांतून आणि मोबाइलवरून फिरत असतात, म्हणून ही तपासणी इथे लिहून काढत आहे.

आधी कागदाचे श्रेय त्याला देऊ. तो मराठीत आहे आणि वाक्ये सोपी आहेत. मुख्य म्हणजे त्याच्यामुळे कुणीतरी एका मुलाकडे थांबून पाहिले. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बापही पाचव्या वर्षी बोलला' असे म्हणत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात, आणि नेमकी तीच वर्षे मोलाची असतात. पाहण्याची सवय लावणारा कागद, मग तो कसाही असो, न पाहण्यापेक्षा बरा, असे मला प्रथम वाटले. दहाही वाक्ये नीट वाचल्यावर मात्र ते मत डळमळले.

पहिली त्रुटी साधी आहे. कागदावर वयाचा रकानाच नाही. 'दोन शब्द जोडून बोलत नाही' हे वाक्य दीड वर्षाच्या मुलाबद्दल निरर्थक आहे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाबद्दल ते महत्त्वाचे आहे. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, टाटा करणे किंवा बोट दाखवणे नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःचे असे दोन शब्दांचे वाक्य नाही. या खुणा बालरोगतज्ज्ञ वापरतात त्या वयाला बांधलेल्याच असतात. आणि एक खूण वयाला बांधलेली नाही : आलेले शब्द किंवा आलेले हावभाव कोणत्याही वयात नाहीसे होणे. 'आधी मामा, पाणी म्हणायचा, आता काहीच म्हणत नाही' असे आई सांगत असेल तर तपासणी पुढे ढकलायची नसते. ही खूण कागदावर नाहीच.

दुसरी त्रुटी अधिक खोल आहे. दहापैकी बहुतेक वाक्ये मूल जे जादा करते त्याबद्दल आहेत : हात फडफडवते, गोल फिरते, वस्तू रांगेत लावते, मोठ्या आवाजाला कान झाकते, बदल झाला की रडते, वगैरे. ही वाक्ये खोटी नाहीत. पण ती निवडली गेली ती वर्गात त्रास होतो म्हणून, असे वाटते. लहान वयातल्या सर्वांत बोलक्या खुणा त्रास देणाऱ्या नसतात. एखादी गोष्ट जी व्हायला हवी ती होत नाही, अशा त्या असतात, आणि जे होत नाही ते दिसायला फार कठीण असते.

याचे उदाहरण आपल्या अंगणात रोज घडते. आजीच्या कडेवर बसलेले सव्वा वर्षाचे बाळ चांदोमामाकडे बोट करते. बोट करते आणि लगेच वळून आजीच्या तोंडाकडे पाहते. त्याला चंद्र हातात नको आहे. आजीनेही तो पाहिला की नाही, एवढेच त्याला पाहायचे आहे. दोन माणसे आणि एक वस्तू असा हा त्रिकोण असतो. मानसशास्त्रात त्याला संयुक्त अवधान म्हणतात. बोट दोन कारणांसाठी उचलले जाते : मागण्यासाठी आणि दाखवण्यासाठी. डब्यातल्या लाडवाकडे केलेले बोट मागण्याचे, चंद्राकडे केलेले दाखवण्याचे. स्वमग्नतेच्या वाटेवरची अनेक मुले मागतात. पण दाखवत नाहीत. काही तर मागतानाही बोट करत नाहीत. आईचे मनगट धरून तिचा हात डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतात, आणि हे करताना तिच्या चेहऱ्याकडे पाहतही नाहीत, जणू हात ही एक सांडशी आहे. भातुकलीत खोटा चहा पिणे, बाहुलीला भरवणे हा लटका खेळही दीड ते दोन वर्षांच्या सुमारास सुरू व्हायला हवा.

सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली इंग्लंडमध्ये अठरा महिन्यांच्या मुलांसाठी 'चॅट' नावाची चाचणी मांडली, तिचा भर नेमका याच तीन गोष्टींवर होता : दाखवण्यासाठी बोट, दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेणे आणि लटका खेळ. या तिन्हींपैकी एकही आपल्या कागदावर नाही.

कागदावरचे पहिलेच वाक्य आहे 'नजरेला नजर देत नाही'. हे जगभरच्या याद्यांत असते. पण मराठवाड्यातल्या खेड्यात ते कोणी, कुणासमोर तपासायचे? गुरुजींसमोर, पाहुण्यांसमोर मान खाली घालावी हे आपणच शिकवतो. 'डोळे वर करून बोलू नको' हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा माणूस आमच्याकडे विरळा. अनोळखी माणसासमोर खाली पाहणारे मूल लाजरे असेल, वळण लागलेले असेल, घाबरलेले असेल. प्रश्न असा हवा : गंमत झाली किंवा भीती वाटली की हे मूल घरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहते का? वॉरन जोन्स आणि ॲमी क्लिन यांनी २०१३ साली दाखवले की पुढे स्वमग्नतेचे निदान झालेल्या बाळांत डोळ्यांकडे पाहणे जन्मापासून कमी नव्हते, ते दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात हळूहळू कमी होत गेले. पण ही घट नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राने मोजलेली आहे. ती अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून दिसणारी नव्हे.

'हाकेला ओ देत नाही' याचेही तसेच. कोणत्या हाकेला? पटावर एक नाव, घरात 'सोन्या', चुलत्यांकडे 'बाळ्या'. ताईंनी पटावरच्या नावाने हाक मारली होती.

भाषेबद्दलचे वाक्य तर सरळ चुकीचे आहे : 'तेच तेच शब्द अर्थहीन बडबडते'. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेले असते की ही मुले 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल करतात. मराठीत आपण सर्वनामे बहुतेक वेळा गाळतो, म्हणून ती अदलाबदल तशी दिसत नाही. दिसते ती अशी : भूक लागलेले मूल येऊन म्हणते, "भूक लागली का?" आईने रोज विचारलेला प्रश्न त्याने अख्खा उचलला, शेवटच्या 'का'सकट, आणि तो बरोबर भुकेच्या वेळी वापरला. याला अर्थहीन कसे म्हणायचे? तो मागण्याचा प्रयत्न आहे आणि 'भूक लागली' असे उत्तर देऊन त्याला पुढचे वाक्य शिकवता येते. बडबड म्हणून चौकोनात खूण केली की शिक्षक ऐकणे थांबवतो, हे या वाक्याचे खरे नुकसान.

आता तळाशी असलेल्या निकालाकडे येऊ. 'पाच किंवा अधिक'. पाचच का, चार किंवा सहा का नाहीत? असा आकडा ठरवायचा तर आधी शेकडो मुलांवर यादी वापरून, नंतर तज्ज्ञांकडून त्यांची तपासणी करून, ताडून पाहावे लागते. ते केलेले दिसत नाही. पण समजा केले असते, आणि यादी चांगलीच निघाली असती, तरी काय झाले असते ते आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल अशा गणिताने पाहू. आपल्या देशात पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक आढळले. म्हणजे हजार मुलांत दहा. आता समजा आपली यादी दहापैकी आठ मुले ओळखते, आणि स्वमग्न नसलेल्या शंभरांपैकी नव्वदांना बरोबर सोडून देते. मग राहिलेल्या नऊशे नव्वद मुलांपैकी नव्याण्णव मुले चुकून अडकतात. एकूण खूण आलेली मुले एकशे सात, त्यांतली खरी आठ. 'स्वमग्न समजावे' हा शेरा नव्याण्णव घरांत विनाकारण पोचला, आणि दोन घरांत पोचायला हवा होता तिथे पोचलाच नाही.

हे केवळ कल्पनेतले गणित नाही. वर सांगितलेली चॅट चाचणी १६,२३५ मुलांवर वापरून त्या मुलांकडे पुढे काही वर्षे लक्ष ठेवले गेले. तो अहवाल २००० साली आला. स्वमग्न नसलेल्यांना तिने चुकून अडकवले ते फारच थोडे. पण बालपणीची स्वमग्नता असलेल्या शंभर मुलांपैकी तिने अडतीसच ओळखली होती. म्हणजे 'पास झाला' हाही दाखला धरायचा नाही. तिच्यापासून पुढे निघालेली अमेरिकेतली 'एम-चॅट' ही प्रश्नावली सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तिच्या आजच्या आवृत्तीत वीस प्रश्न आहेत, आणि मधल्या गटात गुण आले तर त्याच प्रश्नांवर पालकांशी पुन्हा सविस्तर बोलायचे अशी दुसरी पायरी आहे. आपल्याकडे तिची नक्कल करताना बहुधा पहिली पायरी घेतात आणि दुसरी गाळतात. तिचा दुसराच प्रश्न असा आहे की आपले मूल बहिरे असेल अशी शंका तुम्हाला कधी आली होती काय?

हा प्रश्न मला त्या मुलाच्या घरी आठवला. गुरुजींबरोबर मी गेले होते. कागद पाहून आई गप्प झाली. आजी मात्र म्हणाली, "लेकरू काय येडं नाही गुरुजी. त्याचा कान वाहतो, दोन पावसाळे झाले."

दहा चौकोनांत कान कुठेही नव्हता. कान वाहत असेल, पडद्यामागे पाणी साचले असेल, तर मूल हाकेला ओ देत नाही, उशिरा बोलते, एकटे खेळते. चार चौकोन तिथेच भरतात. म्हणून बोलण्याची शंका आली की पहिली तपासणी श्रवणाची, हा सर्वत्र मान्य नियम आहे. त्या मुलाच्या कानावर उपचार झाले. तो आता हाकेला वळतो आणि शब्दही वाढले आहेत. पण गोष्ट इथे संपवून 'पाहा, कागद चुकला' असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो अजूनही सायकलचे चाक तासन्‌तास फिरवत बसतो, अजूनही कुणाला काही दाखवायला आणत नाही. कान आणि स्वमग्नता या गोष्टी एकाच मुलात असू शकतात. त्याची पुढची तपासणी व्हायची आहे.

थोडे 'स्वमग्न' या शब्दाविषयी. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ साली 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ऑटिझम' शब्द बनवला, तोही वेगळ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी. आपण त्याचे भाषांतर इमानदारीने केले, आणि चूकही इमानदारीने उचलली. मराठीत 'मग्न' म्हटले की ध्यानमग्न, विचारमग्न असे शब्द आठवतात. म्हणजे मूल आपखुशीने आत जाऊन बसले आहे आणि कुणी तरी, म्हणजे अर्थातच आईने, त्याला बाहेर ओढायला हवे होते. या समजुतीने परदेशातही आयांना फार छळले आहे. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या पुस्तकात आईच्या थंडपणाचा सिद्धांत गाजवला. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्या तपासल्या. अकरा एकसारख्या जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुले स्वमग्न होती, दहा वेगळ्या जुळ्यांत अशी एकही जोडी नव्हती. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आई तर एकच असते. फरक आनुवंशिकतेत आहे. तरीही आपल्या कागदाच्या पाठीमागे 'कारणे' या मथळ्याखाली 'आईचे दुर्लक्ष' आणि 'मोबाइल' अशा दोन नोंदी आहेत. मोबाइलपुढे तासन्‌तास बसवलेल्या मुलाशी कमी बोलले जाते हे खरे, आणि त्याचे दुष्परिणाम आहेतच. पण त्यामुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. तिसरी नोंद, लस, तिथे नव्हती, हे नशीब. २०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरण शाळाशाळांतून सुरू झाले तेव्हा शिक्षकांनी त्या अफवेला तोंड दिले आहे. ती अफवा ज्या १९९८ सालच्या बारा मुलांवरच्या लेखातून निघाली, तो लेख 'लॅन्सेट' नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. २०१९ साली डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत लसीचा संबंध आढळला नाही. लस आणि खुणा, दोन्ही दुसऱ्या वर्षाच्या आसपास येतात, इतकेच.

मग गुरुजींनी कागद फाडून टाकावा काय? मला वाटते, कागदाची पाठ कोरी करून तिथे लिहावे. हे सुचण्याचे कारण इतिहासात आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तिथून या विषयाचा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला. त्यांतला पहिला मुलगा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी कॅनर यांना तेहतीस पानांचे पत्र लिहिले होते : मूल काय करते, केव्हा करते, काय म्हणते. कॅनर यांच्या वर्णनाचा पाया बराचसा त्या पत्रात आहे. या विषयातले पहिले चांगले निरीक्षण एका पालकाचे होते आणि त्यात एकही चौकोन नव्हता. डोनाल्ड गावातल्या शाळेत शिकले, पदवीधर झाले, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, जगभर हिंडले आणि २०२३ साली वारले. सगळ्यांचे असेच होते असे नव्हे. पण गावाने त्यांना गावातच ठेवले, याकडे लक्ष द्यावे.

आपल्याकडे सरकारी व्यवस्था नाही असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातूनच, पालघर येथून सुरू झाला. त्यात तपासायच्या तीस बाबींत स्वमग्नता आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे अशी योजना आहे. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६च्या कायद्यात ते आहे. कागदावर हे चांगलेच आहे. पण पथकाला एका मुलामागे काही मिनिटे मिळतात, आणि दाखवण्यासाठी न उचललेले बोट काही मिनिटांत दिसत नाही. शिवाय अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि वसंतातच परततात. वर्षातल्या दोन भेटींपैकी एक त्या काळात पडली तर त्या घरची मुले पटावर 'गैरहजर' एवढीच उरतात. याला कुठलीही प्रश्नावली उपाय नाही. त्या मुलाला वर्षभर ओळखणारे माणूस आणि त्याने लिहून ठेवलेले दोन परिच्छेद हवेत.

लवकर ओळखून करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोवा आणि रावळपिंडी इथल्या पासष्ट मुलांचा समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आई-मुलाच्या खेळाचे चित्रण करून ते पालकांबरोबर पाहिले आणि मूल पुढाकार घेते तेव्हा त्याला प्रतिसाद कसा द्यायचा हे दाखवले. पालकांचे प्रतिसाद सुधारले, मुलांकडून संवादाची सुरुवातही वाढली. मोठे रुग्णालय नसलेल्या जिल्ह्याने लक्षात ठेवावा असा हा प्रयोग आहे. या कामासाठी निदानाचा कागद हाती येईपर्यंत थांबावे लागत नाही.

गुरुजींनी आता शंभर पानी वही घातली आहे. ताईही तीत लिहितात. गेल्या महिन्यात त्यांनी मला एक पान वाचून दाखवले : 'मंगळवार. खिचडी वाटताना माझा हात धरून पातेल्याकडे नेला. तोंडाकडे पाहिले नाही. मी थांबलो. थोड्या वेळाने वर पाहिले. मग वाढली.' ही वही जालन्याला तपासणीच्या दिवशी बरोबर न्यायची आहे. तारीख अजून मिळायची आहे.